पहिली फेरी

'आरंभशूर' हा शब्द आपल्या भाषेत जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. एखाद्याने जानेवारीत रोजनिशी विकत घ्यावी आणि फेब्रुवारीपासून ती कोरी ठेवावी, एखाद्या मंडळाने वाचनालयाची पाटी थाटाने रंगवून घ्यावी आणि पुस्तके आणण्याचे मात्र विसरावे, की आपण मानेला एक झटका देऊन म्हणतो, "आरंभशूर!" या शब्दाच्या पोटात एक समज दडलेला आहे. आरंभ करणे हे सोपे काम. खरी कसोटी लागते ती पुढे चालू ठेवण्यात, असा तो समज. माणसांच्या बाबतीत तो कितपत खरा असेल तो असो. पण फोर-स्ट्रोक एंजिनाच्या बाबतीत तो साफ उलटा आहे. ते एंजिन एकदा सुरू झाले की पेट्रोल संपेपर्यंत बिनतक्रार चालते. सारे अडते ते पहिल्या फेरीपाशी.

असे का व्हावे हे पाहायचे तर त्या यंत्राच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. वाचकांनी भिण्याचे कारण नाही. मी जन्मभर साताऱ्यास गणिताची मास्तरकी केली. यंत्रशास्त्र माझ्या वाट्याला आले ते मोटारसायकलीच्या निमित्ताने, आणि मला समजले तेवढेच मी सांगणार आहे. या एंजिनात पिस्टन चार टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात खाली जाताना तो हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढून घेतो. दुसऱ्यात वर येताना ते दाबतो. तो माथ्याशी पोचण्याच्या सुमारास ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तिसऱ्या टप्प्यात त्याला जोराने खाली ढकलते. चौथ्या टप्प्यात वर येताना तो जळलेला धूर बाहेर लोटतो. या चारांपैकी कमाईचा टप्पा एकच. बाकीचे तीन निव्वळ खर्चाचे. कमाईच्या टप्प्यात मिळालेली गती एक जड चाक साठवून ठेवते आणि उरलेल्या तिघांचा खर्च भागवते. आपल्या पांढरपेशा संसारातील एक तारखेची आणि उरलेल्या एकोणतीस दिवसांची जी व्यवस्था, तीच ही. पण पहिला पगार हाती पडण्यापूर्वीचा महिना कसा काढायचा? तो कोणी तरी उसना काढून द्यावा लागतो. एंजिनाचा तो उसना महिना म्हणजे पहिली किक.

मोटारसायकल साधी असेल तर हे उसने फार मोठे नसते. माझ्या तारुण्यात आमच्या गावच्या पुष्कळ तरुणांकडे येझ्दी असे. ती टू-स्ट्रोक गाडी; तिचे एंजिन प्रत्येक फेरीला पेट घेई, आणि पानाच्या दुकानासमोर उभे राहून गप्पा मारता मारता अर्ध्या किकेत ती सुरू करणे ही एक ऐट समजली जाई. मी 1978 साली जुनी बुलेट घेतली तेव्हा मला कळले की ऐट निराळी आणि बुलेट निराळी. साडेतीनशे सीसीचा तो एकटा सिलिंडर, आणि त्यातला तो दाब! बेसावध माणसाने नुसती लाथ मारली तर दांडा मध्येच अडे आणि माणूसच वर उचलला जाई.

मला ती सुरू करावयास शिकवली आमच्या पेठेतल्या एका वृद्ध मिस्त्रींनी. बुलेटच्या हँडलवर डाव्या हाताशी एक लहानशी पट्टी असे. तिची तार सिलिंडरच्या माथ्यावरील एका चिमुकल्या झडपेपर्यंत जाई. पट्टी दाबली की झडप उघडे आणि कोंडलेली हवा फुस्स करून निसटून जाई. हाच डीकॉम्प्रेसर. मिस्त्रींनी माझा हात धरून सांगितले, "मास्तर, आधी किक हळू दाबा. जिथं अडेल तिथं थांबा. आता पट्टी दाबून, काट्याकडं बघत, अगदी थोडी पुढं सरकवा. काटा मधोमध आला की पट्टी सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग मनापासून मारा." काटा म्हणजे दिव्याच्या टोपणावर बसवलेल्या अँमीटरचा काटा. तो बॅटरीचा प्रवाह दाखवण्यासाठी असतो. परंतु प्लगची ठिणगी सोडणारे पॉइंट्स उघडले की तो मध्यावर येतो, आणि त्यावरून पिस्टन माथा ओलांडून कुठे उभा आहे हे जाणत्याला कळते. विजेचे मोजमाप करणाऱ्या काट्याकडून पिस्टनची जागा काढून घेण्याची ही युक्ती मला भूमितीतल्या एखाद्या सुंदर सिद्धतेसारखी वाटली होती.

या पट्टीने नेमके काय साधते, याविषयी पुष्कळांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटते की पट्टीमुळे किक हलकी होते. वस्तुतः शेवटची जी खरी किक असते, ती मारताना पट्टी सोडलेलीच असते. त्या वेळी झडप बंद आणि दाब पुरेपूर असतो. मग पट्टीने केले काय? तिने पिस्टनला दाबाच्या टेकडीवरून हळूच पलीकडे नेऊन ठेवले. आता पुढची टेकडी येण्यास जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्या अवकाश आहे. तेवढ्या अंतरात माणसाच्या पायाचा जोर चाकात साठतो आणि त्या साठलेल्या गतीवर पिस्टन दुसरी टेकडी एका दमात चढून जातो. लांब उडी मारणारा मुलगा वाळूच्या काठाशी उभा राहून उडी मारीत नाही. तो वीस पावले मागे जातो. पट्टी उडी मारून देत नाही. ती धावायला अंगण देते.

बुलेटची ही हकीकत मी जरा सविस्तर सांगितली, कारण तीच विद्या मला पुढे फार दूर देशी, फार निराळ्या यंत्रापाशी पुन्हा भेटावयाची होती. आणि ती भेटवणारा माझा भाचा होता.

हा भाचा नऊ वर्षांचा असताना, 1994 साली, त्याचे वडील वारले. बहीण माझ्याहून सात-आठ वर्षांनी धाकटी. तिने सासरच्या दोन खोल्यांत शिलाईचे यंत्र मांडले आणि संसार ओढला. पोराच्या शिक्षणाचे पाहणे हे मामा म्हणून माझ्याकडे आले. शाळेत नाव घालणे, गणिताची शिकवणी, अभियांत्रिकीच्या प्रवेशाची धावपळ, परदेशी जाण्यासाठी बँकेच्या कर्जावर जामिनाची सही, हे सारे ओघानेच झाले आणि त्यात मी काही विशेष केले असे मला वाटत नाही. आपल्याकडे मामा या नात्याची व्याख्याच ती आहे. बुलेटच्या टाकीवर बसून तो माझ्याबरोबर गावभर हिंडे, आणि बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर किकेपर्यंत पाय पोचत नसला तरी काट्याकडे पाहून "मामा, आला मधे!" असे ओरडण्याचे काम त्याच्याकडे असे.

आज तो चाळिशीचा आहे आणि कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात नोकरी करतो. सुटीच्या दिवशी मोहावीच्या वाळवंटात मोटारसायकल पळवणे हा त्याचा छंद. रस्त्यावर न्यावयाची ही गाडी नव्हे. दिवा नाही, आरसा नाही. उंच चाके, अंगावर मांस नसलेली हाडकुळी बांधणी, आणि माती उडवीत टेकाडे ओलांडण्याखेरीज दुसरे काम नाही. अशा गाड्यांना 'डर्ट बाइक' म्हणतात. त्यांच्या शर्यतींत सुमारे तीस वर्षे टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. त्या हलक्या, चपळ आणि सुरू होण्यास सोप्या. ते राज्य हलवले यामाहा कंपनीने. 1997 च्या मे महिन्यात डग हेन्री या स्वाराने तिच्या चारशे सीसीच्या एका प्रायोगिक फोर-स्ट्रोक गाडीवर लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली. 1998 साली तिची बाजारी आवृत्ती 'वायझेड 400 एफ' या नावाने दुकानात आली, आणि त्याच वर्षी हेन्रीने तिच्यावर अमेरिकेचे 250 वर्गाचे मोटोक्रॉस विजेतेपद मिळवले. 2000 साली तिचीच मोठी बहीण आली, 'वायझेड 426 एफ'. माझ्या भाच्याची गाडी ती ही.

ही गाडी सुरू करणे म्हणजे माझ्या बुलेटच्या दसपट कठीण प्रकरण. हिच्यात साडेबारा वाट्या मिश्रण दाबून एका वाटीत कोंबलेले असते. शिवाय एंजिन मिनिटाला दहा हजारांच्या पुढे फेऱ्या घेणारे, म्हणून गती साठवणारे चाक मुद्दाम हलके ठेवलेले. म्हणजे टेकडी उंच आणि गाठीशी पैसा कमी! याहून वाईट म्हणजे उलटी किक. ठिणगी नेहमी पिस्टन माथ्याला पोचण्याच्या किंचित आधी पडते. वेगात असलेल्या पिस्टनला ते बाधत नाही, कारण मिश्रण पुरते पेटेपर्यंत तो माथा ओलांडून गेलेला असतो. पण किक अर्धवट पडली, पिस्टन रेंगाळला, तर तोच स्फोट त्याला आल्या वाटेने मागे लोटतो, आणि किकचा दांडा खालून तळपायावर येऊन आदळतो. म्हणूनच या गाडीच्या हँडलवरही डीकॉम्प्रेसरची पट्टी होती. हिची तार मात्र निराळ्या झडपेकडे जात नाही. धूर बाहेर सोडणारी जी झडप आहे, तिलाच ती थोडी उचलून धरते. बाकी विधी तोच. अडेपर्यंत दाबा, पट्टी ओढून टेकडी पार करा, पट्टी सोडा, दांडा वर येऊ द्या, आणि मग पूर्ण लांबीची, एकसंध किक मारा. जोराचा धक्का मारणाऱ्याची ही गाडी नाही. खोल श्वासासारखी किक मारणाऱ्याची आहे.

2023 साली बहीण आणि मी त्याच्याकडे तीन महिने राहण्यास गेलो, तेव्हा तो दाराशी लंगडत आला. पंधरवड्यापूर्वीच प्लॅस्टर निघाले होते. शनिवारी सकाळी घाईघाईत, जाड बूट न घालता, साध्या कापडी बुटांवर, पट्टी न ओढता त्याने किक मारली. दांडा उलटला आणि घोट्याचे हाड मोडले. आईला काळजी नको म्हणून त्याने हे कळवले नव्हते. बहीण त्याला काही बोलली नाही. रात्री तो झोपल्यावर मला म्हणाली, "दादा, तो माझं ऐकायचा नाही. तुझं ऐकतो. ती गाडी विकून टाक म्हणून सांग त्याला. नाहीतर ती बटणावर सुरू होणारी मिळते म्हणतात, ती घे म्हणावं. तू सांगितलंस की झालं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी सांगितले असते तर त्याने ऐकले असते. गेली तीस वर्षे त्याने ऐकलेच होते. आणि तिच्या भीतीला हसण्याचा अधिकार मला नव्हता. अवेळी एक माणूस गमावलेल्या घरात मोडलेला घोटा हा नुसता घोटा नसतो. परंतु चाळिशीच्या माणसाला, ज्याचे स्वतःचे घर आहे, ज्याच्या हाताखाली दहा माणसे काम करतात, त्याला मामाने एका वाक्यात त्याच्या आवडीची वस्तू विकावयास लावावी काय? हा प्रश्न मनात घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्याच्या मागच्या खोलीत, जिथे ती गाडी उभी होती तिथे, एका खोक्यावर जाऊन बसलो.

त्याला वाटले, मला जुनी आवड म्हणून मी आलो. तो मोठ्या उत्साहाने एकेक वस्तू दाखवू लागला. कार्बुरेटरवर दोन लहान खुंट्या होत्या. एक चोकची, ती ओढली की पेट्रोलचे प्रमाण वाढते, थंड एंजिनासाठी. दुसरी मला नवीन होती. तिचे नाव 'हॉट स्टार्ट'. तापलेली गाडी वाळूत पडली की सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ नको तितकी दाटते आणि हवा कमी पडते. ही खुंटी ओढली की हवेची एक जादा वाट उघडते. म्हणजे दोन्ही खुंट्या मदतीच्याच, पण एकीने द्यायचे ते दुसरीने काढून घ्यायचे. तापलेल्या गाडीला चोक दिला तर ती सुरू होण्याऐवजी आणखी गुदमरते. मूठ पिळण्याविषयीही तोच नियम. या कार्बुरेटरमध्ये मूठ पिळली की पेट्रोलची एक चिळकांडी आत उडते. थंडीत चोकबरोबर दोन-तीन चिळकांड्या द्याव्यात. गाडी तापलेली असताना मुठीला हातही लावू नये. "मामा, लोक घाबरले की मूठ पिळत राहतात," तो म्हणाला, "आणि मग किक मारून मारून थकतात." मला माझ्या वर्गातली मुले आठवली. एखाद्याला उत्तेजनाची एक चिळकांडी पुरे होते. दुसरा उपदेशाने आधीच इतका भिजलेला असतो की त्याला फक्त थोडी मोकळी हवा पाहिजे असते. दोघेही बाहेरून सारखेच, मान खाली घालून बसलेले.

मग त्याने पट्टीच्या तारेला बोटाने थोडे हलवून दाखवले. "ही तार अशी किंचित सैल असावी लागते. ताणून बसवली तर पट्टी सोडल्यावरही झडप पुरती मिटत नाही. गाडी सुरू होते, चालतेही. पण तिच्यात जोर राहत नाही. आणि काही दिवसांनी झडपच जळते."

तो सहज बोलून गेला. मी मात्र त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो.

सुरुवातीला ज्या झडपेचे उघडणे हा उपकार असतो, तिचे पुढे उघडे राहणे हाच अपाय होतो. दाब हा सुरू होणाऱ्या एंजिनाचा शत्रू खरा; पण सुरू झालेल्या एंजिनाचे सगळे बळ त्याच दाबात असते. आपण मायेने ज्याचा भार हलका करीत राहतो, त्याला आपण कोठे घेऊन जातो? मी त्या दिवशी भाच्याला एवढेच म्हटले, "तुझ्या आईला ही गाडी नको वाटते. तिचे म्हणणे तुला पोचवले. माझे स्वतःचे सांगणे काही नाही. तुझे तू ठरव." त्याने चमकून माझ्याकडे पाहिले. तीस वर्षांत हे वाक्य त्याने माझ्या तोंडून ऐकले नव्हते.

बहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती माझ्यावर रुसली. दोन दिवस चहाचा कप माझ्यासमोर जरा जोरात ठेवला जात होता.

तो काय ठरवील याचे मी मनाशी दोन अंदाज बांधले होते. एक, हट्टाने गाडी आहे तशीच ठेवील. किंवा दोन, आईसाठी विकून बटणाची घेईल. बटणाची गाडी घेणे यात कमीपणा काहीच नव्हता. सेल्फ-स्टार्टरचा इतिहास मोठा आहे. 1912 साली कॅडिलॅक मोटारीला तो आला आणि हाताने हँडल फिरवताना मनगटे मोडण्याचे दिवस सरू लागले. 1914 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील इंडियन कंपनीने (नाव इंडियन, पण आपला तिच्याशी काही संबंध नाही!) 'हेंडी स्पेशल' या मोटारसायकलला तो बसवून पाहिला, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार झेपला नाही आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. मातीच्या शर्यतीच्या गाड्यांनी वजनाच्या भीतीने त्याला पुष्कळ वर्षे दाराबाहेर ठेवले. पुढे काही युरोपीय कंपन्यांनी तो घेतला, आणि 2018 साली यामाहाच्या 450 सीसीच्या गाडीलाही बटण आले. शर्यतीत पडलेला स्वार बटण दाबून क्षणात पुन्हा धावू लागतो; किक मारीत उभ्या राहिलेल्या स्वाराला तेवढ्यात दहाजण ओलांडून जातात. माझ्यासारख्या गुडघे झिजलेल्या माणसाने तर बटणाला नावे ठेवूच नयेत. ज्याच्या पायात बळ उरलेले नाही, त्याला बटण परावलंबी करीत नाही, उलट मोकळे करते.

भाच्याने तिसरीच वाट काढली. दहा-बारा दिवसांनी टपालाने एक लहान पण जड पुडके आले. त्यात एक पोलादी दांडा होता, वीतभर लांबीचा. झडपा उघडणारा हा कॅम-दांडा. पण त्याच्या गाडीचा नव्हे, तिच्या पुढच्या, 2003 साली आलेल्या 450 सीसीच्या गाडीचा. त्या साली यामाहाने हातातली पट्टी काढून टाकली आणि तिचे काम या दांड्यालाच नेमून दिले. जुन्या 426 च्या एंजिनातही हा दांडा बसवता येतो, आणि हौशी लोक तसा तो बसवतात, हे त्याने शोधून काढले होते.

त्या दांड्याच्या टोकाशी एक बारीक खुंटी आणि तिला जोडलेले एक चिमुकले वजन असते. दांडा थांबलेला असताना किंवा हळू फिरत असताना स्प्रिंग त्या खुंटीला पुढे काढून धरते. त्यामुळे दाबाच्या टप्प्यात झडप केसभर उचललेली राहते आणि थोडा दाब निसटतो. किक हलकी होते. दाब कमी म्हणून उलटी किक बसण्याचा धोकाही पुष्कळ उतरतो. पण एंजिनाने एकदा पेट घेतला, गती वाढली, की ते वजन बाहेर फेकले जाते आणि खुंटी आत ओढली जाते. झडप पुरती मिटते. एंजिन चालू असेपर्यंत त्या खुंटीचे अस्तित्वही कोणाला जाणवत नाही. गाडी थांबली की मात्र ती पुन्हा आपल्या जागी हजर असते. तिला कोणी 'ये' म्हणावे लागत नाही, आणि 'जा' म्हणण्याची वेळ ती येऊ देत नाही.

दोन रविवार त्याने तो दांडा बसवण्यात घालवले. साखळीचे दाते जुळवणे, खुणा तपासणे, आणि मग झडपांच्या फटी मोजणे. कागदासारख्या पातळ पात्या फटीत घालून तो मोजमाप करी आणि मी वहीत आकडे लिहून घेई. ती फट फार वाढली तर खुंटी झडपेपर्यंत पोचतच नाही, किक पुन्हा जड होते; आत हवा घेणाऱ्या झडपांची फट फार कमी झाली तर त्या नीट मिटत नाहीत आणि गाडी सुरू होण्यास त्रास देते. "सुरू होत नसली की लोक प्लग बदलतात, कार्बुरेटर खोलतात," तो म्हणाला. "पण झडपांची फट पाहिली पाहिजे, हे फार उशिरा सुचतं." मदत जवळ असणे पुरत नाही, तिचे अंतरही बेताचे असावे लागते, हे मी वहीत लिहिले नाही, पण आकड्यांच्या शेजारी ते मला दिसत होते.

काम झाल्यावर बहीण दाराशी येऊन उभी राहिली. ठिणगीची तार काढून ठेवलेली होती. भाच्याने तिला जवळ बोलावले आणि किकचा दांडा हाताने दाबून पाहावयास सांगितले. तिने साशंकपणे दोन्ही हातांनी दाबला. तो जरासा फुसफुसला आणि खाली गेला. तिने पुन्हा दाबला. मग त्याने तिला ती खुंटी व ते वजन यांची हकीकत सांगितली, थोडी इंग्रजी, थोडी मराठी. ती शांतपणे ऐकत होती. त्याचे संपल्यावर म्हणाली, "म्हणजे शिलाईच्या मशीनसारखं. पायडल मारण्याआधी वरचं चाक पहिल्यांदा हातानं आपल्याकडं फिरवावं लागतं. नाहीतर ते उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. एकदा चाक फिरलं की हात काढून घ्यायचा. धरून ठेवला तर शिवण होत नाही."

आम्ही दोघेही गप्प झालो. पंचवीस वर्षे रोज शेकडो वेळा तिने तो हात लावला होता आणि काढून घेतला होता. मला जी गोष्ट समजण्यास एक परदेशी एंजिन उघडून पाहावे लागले, ती तिच्या बोटांना आधीच ठाऊक होती. माझ्यावरचा तिचा रुसवा त्या दिवशी गेला की नाही हे मी विचारले नाही. पण गाडी विकण्याविषयी ती पुन्हा बोलली नाही. तिने एकच अट घातली, जाड बूट घातल्याखेरीज किकेवर पाय ठेवायचा नाही. भाच्याने ती मान्य केली. अशी अट घालण्याचा हक्क मामाचा कधीच नव्हता, तो आईचाच होता.

भारतात परतल्यापासून मी पुष्कळदा या तीन प्रकारच्या साहाय्यांचा विचार करतो. पट्टीचे साहाय्य जाणत्याचे आहे. ते कधी घ्यावे आणि कधी सोडावे हे घेणाराच ठरवतो, आणि म्हणून ते घेण्यापूर्वी यंत्र समजून घ्यावे लागते. बटणाचे साहाय्य उदार आहे. ते काही विचारीत नाही, सगळे स्वतः करते, आणि जोवर बॅटरी भरलेली आहे तोवर त्याच्याविषयी तक्रार करण्यास जागा नाही. पण त्या बारीक खुंटीचे साहाय्य मला सर्वांत अवघड वाटते. माणूस पट्टी होऊ शकतो, आग्रह केला तर बटणही होऊ शकतो. गती आली की आपोआप आत सरणे, आणि तरीही गाडी बंद पडेल त्या क्षणी पुन्हा तिथेच असणे, हे मामांना, मास्तरांना, आईबापांना क्वचितच साधते. पोलादाला ते एका स्प्रिंगेने आणि गुंजभर वजनाने साधले आहे.

आणि 'आरंभशूर' या शब्दाविषयी म्हणाल, तर मी तो आता जपून वापरतो. एखादा मुलगा काही सुरू करू पाहतो आणि ते सुरू होत नाही, तेव्हा आपण बहुधा त्याला आणखी जोर लावण्यास सांगतो. त्याने किती जोराने लाथ मारली हे विचारण्यापूर्वी पिस्टन कुठे उभा आहे, हे एकदा वाकून पाहिले तर बरे. कदाचित त्याला जोराची गरज नसेलच. दाबाच्या टेकडीपलीकडे त्याला कोणी तरी हलकेच नेऊन ठेवावे आणि मग हात काढून घ्यावा, एवढ्याचीच वाट तो पाहत असेल.